नाताळच्या सुट्टीत लेकरांना न्यायचं कुठं: संभाजीनगर की हैदराबाद?

नांदेडहून दोन्हीकडं रेल्वे आहे. लेकरं दहाच्या पुढची असतील तर संभाजीनगरच. देवगिरी किल्ल्याच्या अंधारीत, म्हणजे काळोख्या भुयारी वाटेत, मोबाईलचा उजेड पाडत, वटवाघळांच्या वासानं नाक दाबत चढताना पोरं किरकिर विसरतात. वेरूळचं कैलास लेणं वरून खाली कोरलंय, हे आधी सांगून ठेवा. मग ती स्वतःच कळसाकडं बघत बसतात. मंगळवारी मात्र वेरूळ बंद. पहाटे थंडी बोचते, स्वेटर-कानटोपी हवीच.

कडेवरचं लेकरू असेल तर हैदराबाद बरं. सालारजंग संग्रहालयातलं घड्याळ तासाला टोले देतं, त्यातला बाहुला बघायला मोठेही गर्दी करतात. शुक्रवारी संग्रहालय बंद. चारमिनारची गर्दी? लहानग्यांना घेऊन मी तरी टाळीन.