झेस्टर म्हणून हातात पडली पंचची किसणी

घरून केक आणि मार्मलेड करून विकणाऱ्या आमच्या गटासाठी संत्र्या-लिंबाची साल किसायचे सहा झेस्टर एकत्र मागवले. एकाची किंमत 899 रुपये, वर 2,499 ही छापील किंमत खोडून दाखवलेली. फोटोत लांब पट्टीसारखं पातं, बारीक दात, काळी मूठ. पार्सलमधून आलं तेही लांबून हुबेहूब तसंच. पण मोसंबीवर पहिला हात फिरवला तर खालच्या बशीत काही पडेचना. दातांच्या मागे पिवळसर ओला लगदा अडकून बसला, फळावर पांढरे ओरखडे उठले, आणि जे तेल बशीतल्या किसात यायला हवं त्याने पातंच चकचकीत झालं. सहाच्या सहा पाती तशीच निघाली. हाच माल वेगवेगळ्या नावांनी अजूनही विकला जातोय, म्हणून हे सगळं तपशिलात लिहितोय.

आधी साल समजून घ्या. संत्रं, मोसंबी, लिंबू यांच्या सालीचा फक्त वरचा रंगीत पापुद्रा आपल्याला हवा असतो. सुगंधी तेलाच्या बारीक पिशव्या त्यातच असतात. त्याखालचा पांढरा थर कडवट आणि स्पंजासारखा मऊ असतो. पापुद्रा इतका पातळ, की दाताने तो एका फटक्यात कापला तरच तेल किसात राहतं. बोथट दात आधी साल दाबतो, पिशव्या तिथेच फुटतात आणि मग पांढऱ्यासकट साल ओरबाडली जाते. केक कडू झाला की दोष संत्र्याला दिला जातो; बहुतेक वेळा दोष पात्याचा असतो.

चांगलं पातं रसायनाने कोरलेलं असतं. स्टीलच्या पातळ पत्र्यावर प्रकाशाने घट्ट होणारा लेप देतात, त्यावर दातांची नक्षी उतरवतात, आणि उघडा राहिलेला धातू फेरिक क्लोराइडसारख्या द्रावणात विरघळवतात. कडा तिथेच धारदार होतात. दात कोरायची ही पद्धत आणली ती अमेरिकेत, आर्कान्सामधल्या रसेलव्हिलच्या ग्रेस मॅन्युफॅक्चरिंगने, तीही सुतारांच्या कानशीसाठी. 1994 मध्ये कॅनडातल्या ऑटावा शहरात लॉरेन ली यांनी संत्र्याच्या केकसाठी साल किसताना घरच्या हत्यारांच्या दुकानातली ती कानस वापरून पाहिली, आणि मायक्रोप्लेन या नावाने ते कोरलेलं पातं स्वयंपाकघरात आलं.

आमच्या हाती पडलेलं पातं पंच मारलेलं होतं. यात पंच, म्हणजे भोक पाडायचा ठसा, पत्रा आरपार ढकलतो. पत्रा थोडा कापला जातो, उरलेला फाटतो, आणि भोकाच्या कडेला फाटलेल्या धातूची खरबरीत किनार राहते. नेहमीची भोकाभोकांची किसणी अशीच बनते, आणि नारळ-गाजराला ती उत्तम आहे. फसवणूक आहे ती हाच पत्रा चपट्या पट्टीत बसवून कोरलेल्या पात्याच्या भावाने विकण्यात.

ओळखायचं कसं? पातं उलटं करा आणि मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन फोटो मोठा करून बघा. सराफाचं भिंग मिळालं तर फारच छान. पंचच्या पात्यात प्रत्येक दाताच्या मागे गोलसर खळगा दिसतो, भोकाची कड जाडसर आणि खरबरीत असते. कोरलेल्यात कड सरळ आणि पातळ असते, पुढची धार रेषेसारखी स्वच्छ दिसते. मग बोटाचं टोक अगदी अलगद, दाब न देता फिरवा. कोरलेलं पातं एका दिशेने गुळगुळीत लागतं आणि उलट्या दिशेने बोटाला धरतं. पंचचं दोन्हीकडून टोचतं. अंगठा जोरात घासू नका, कोरलेलं पातं कातडी सहज सोलतं. शेवटी पातं फ्रेममध्ये हलतंय का ते दाबून बघा. आमच्या सहांपैकी दोन पाती प्लॅस्टिकच्या दोन खुंट्यांवर नुसती अडकवलेली होती.

विकणाऱ्याच्या व्हिडिओत झेस्टर जायफळावर फिरवतात आणि भुरभुर पूड पडताना दाखवतात. श्रीखंड-पुरणपोळीमुळे आपल्याला तो पुरावा पटतोही. पण जायफळ टणक आणि कोरडं असतं, ते साध्या काट्यांवरही झिजून पूड देतं. मऊ, ओल्या, तेलकट सालीची परीक्षा वेगळीच. मोसंबी किंवा लिंबावर चालवून दाखवलेलं नसेल तर तो व्हिडिओ बघून काहीही विकत घेऊ नका.

दुसरा पुरावा लोहचुंबकाचा. चिकटत नाही म्हणजे 304, म्हणजे भांड्यांसाठी चांगलं मानलं जाणारं स्टील, असं सांगतात. ते खरं नाही. 201 हे मँगनीज जास्त आणि निकेल कमी असलेलं स्वस्त स्टीलही चुंबकाला सहसा चिकटत नाही, त्यामुळे चुंबकाने ही दोन्ही वेगळी काढता येत नाहीत. आणि स्टील अस्सल 304 असलं तरी दात पंचचे असतील तर साल तशीच फाटते. ‘आयुष्यभर मोफत धार लावून देऊ’ या आश्वासनालाही भुलू नका. अशा शेकडो बारीक दातांना धार लावता येत नाही. पातं बोथट झालं की बदलायचं.

दुकानात घेत असाल तर खिशात एक मोसंबी न्या. पूर्ण कोरडी हवी, ओलं फळ सटकतं. बाहेरून आलेल्या मेणाच्या थराच्या माल्टा संत्र्यावर चाचणी घेऊ नका. त्याचं मेण आधी गरम पाण्याने धुवावं लागतं, नाहीतर चांगलं पातंही भरतं. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, दाताखाली दबते, म्हणून तेही चाचणीला नको. मोसंबीची साल घट्ट बसलेली असते. दाब न देता एकाच जागेवरून एकदाच हात फिरवा. कोरडा, हलका, दोऱ्यासारखा कीस पडला आणि फळावर रंगाची फिकट छटा उरली तर पातं घ्या. कागदी लिंबाला तर पांढरं दिसायच्या आधीच फळ फिरवावं लागतं, इतकी त्याची साल पातळ.

पाच भोकांचा लहान झेस्टर सजावटीच्या लांब दोऱ्यांसाठी असतो. केकच्या पिठात तो उपयोगाचा नाही, त्यामुळे तो घातलेल्या ‘5 इन 1’ संचाच्या वाटेला जाऊ नये.

पैशाचं म्हणाल तर विक्रेत्याचं पहिलं उत्तर होतं, ‘वापरलेली वस्तू परत घेत नाही.’ सहांपैकी चारांचे पैसे परत आले, आणि ती चार न धुतलेली होती, खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ होता आणि लेबलचा फोटो होता. दोन धुऊन ठेवली होती, त्यांचे गेले. लेबलचा फोटो सगळ्यात उपयोगी पडला. वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, 2011 नुसार बंद खोक्यावर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत, महिना-वर्ष आणि आयात माल असेल तर मूळ देश छापायलाच हवा. आमच्या खोक्यावर ‘जर्मन तंत्रज्ञान’ एवढं होतं, आयातदार आणि देश दोन्ही गायब. वस्तू खराब आहे या तक्रारीवर वाद घालता येतो, कोऱ्या लेबलवर येत नाही. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही. मुदत 2 वर्षांची आहे.

असं पातं घरात येऊन पडलंच असेल तर ते जायफळाला ठेवा. सालीसाठी धारदार पीलरने रंगीत पापुद्रा पट्ट्यांनी काढा, मागे पांढरं आलं असेल तर सुरी आडवी धरून खरवडा, आणि एका संत्र्याच्या सालीला दोन मोठे चमचे साखर घालून मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा. साखर ओलसर आणि केशरी झाली की तेल तिच्यात उतरलं. केकच्या मापातली साखर तेवढी कमी करा.