सोलरचं अ‍ॅप, महावितरणचं मीटर आणि माझी वही : १४ महिन्यांचा हिशेब

एसटीच्या हिशेब शाखेत उभी हयात गेली. दोन आकडे जुळले नाहीत की मला जेवण जात नाही. त्यामुळं लातूरच्या घरावर सोलर बसवलं तेव्हा पोरं अ‍ॅप बघून खूश, आणि मी शंभर पानी वही आणली. मंडळी म्हणाल्या, "काय बघायलाव सारखं त्या मीटरात? पैसे पडायलेत का त्यातून?"

आधी बसवलेला माल सांगतो. ५४० वॅटची सहा पॅनल, म्हणजे ३.२४ किलोवॅट. ३ किलोवॅटचा हायब्रिड, म्हणजे पॅनल आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा इन्व्हर्टर, ५ युनिटची लिथियम बॅटरी आणि आंघोळीच्या पाण्यासाठी २०० लिटरचा हीट पंप. घरात माणसं नऊ. पीएम सूर्यघर योजनेचं ७८,००० रुपये अनुदान पॅनलवर मिळालं, बॅटरीवर दमडी नाही. बसवणाऱ्याचं नाव लिहीत नाही, कारण पुढं त्याच्याबद्दल बरंच बोलायचंय.

पहिल्याच आठवड्यात घोळ. भर दुपारी, लख्ख ऊन, आणि अ‍ॅप म्हणतंय बाहेरून २.१ किलोवॅट वीज घेतोय. बॅटरीही उतरायलेली. घरात फ्रिज आणि दोन पंखे सोडले तर काही चालू नव्हतं. मीटरपाशी गेलो. पडद्यावर इम्पोर्ट, एक्स्पोर्ट असे आकडे फिरून फिरून येतात. पंधरा मिनिटं उन्हात उभा राहून दोन्ही लिहून घेतले. इम्पोर्ट जागचा हलला नव्हता, एक्स्पोर्ट वाढलेला. म्हणजे आपण वीज देतोय आणि अ‍ॅपला वाटतंय घेतोय. मीटरकडून येणाऱ्या वायरीभोवती एक चिमटा असतो, सीटी म्हणतात त्याला. त्यावर बाण असतो. तो उलटा बसवला होता. इन्व्हर्टर बिचारा त्या चिमट्यावर भरवसा ठेवून बॅटरी रिकामी करत होता. फोन केला तर, "काका, अ‍ॅप अपडेट करा." चौथ्या फोनाला पोरगा आला, चिमटा काढून फिरवून लावला, दोन मिनिटांत गेला. ते दोन मिनिटांचं काम अकरा दिवस अडलं.

आता बचतीचं. अ‍ॅप उघडलं की सगळ्यात मोठ्या अक्षरात बचतीचे रुपये दिसतात. त्यामागचं गणित एवढंच, की जेवढे युनिट तयार झाले, गुणिले दर. दर बसवणाऱ्यानं टाकलेला असतो. माझ्यात सरसकट १० रुपये होता. घरगुती बिल तसं चालत नाही. पहिले १०० युनिट स्वस्त, ३०० पर्यंत महाग, त्याच्या वर आणखी महाग. वर वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क.

वहीतला एप्रिल बघा. तयार झाले ४३५, बाहेर दिले २६५, बाहेरून घेतले २७२. म्हणजे घरात थेट वापरले १७०, आणि घराचा एकूण वापर १७० अधिक २७२, म्हणजे ४४२. बाहेर दिलेले युनिट बाहेरून घेतलेल्यातून वजा होतात, यालाच नेट मीटरिंग म्हणतात. म्हणून बिल आलं फक्त ७ युनिटचं आणि स्थिर आकाराचं. स्थिर आकार काही केल्या चुकत नाही. सोलर नसतं तर ४४२ युनिटचं बिल मी टप्प्याटप्प्यानं काढलं, ते साडेपाच हजारांच्या पुढं जातं. अ‍ॅप म्हणतं ४,३५०. जानेवारीत उलटं. तयार ३८१, अ‍ॅपची बचत ३,८१०. पण कूलर-पंखे बंद असल्यानं घराचा वापरच २३० होता. त्याचं बिल अडीच हजारांच्या आसपास आलं असतं. उरलेले १५१ युनिट पुढं ओढले. म्हणजे अ‍ॅप उन्हाळ्यात कमी सांगतं, हिवाळ्यात फुगवून सांगतं. आणि ते शिल्लक युनिट ३१ मार्चला निकाली निघतात. त्याचे पैसे घरगुती दरापेक्षा पुष्कळ कमी मिळतात. कूलर लागायच्या तोंडावर शिल्लक शून्य! हा नियम करणाऱ्यानं मराठवाड्यात एखादा मे महिना काढायला पाहिजे होता.

बॅटरीवर माझा राग नाही, पण पैसे वाचतील म्हणून घेऊ नका. नेट मीटरिंगमध्ये दिवसा दिलेलं युनिट माझ्या बिलात पुरं वजा होतं. बॅटरीतून फिरवून आणलं तर माझ्या वहीत ते नव्वद टक्क्यांच्या खाली येतं. बसवणाऱ्यानं तिला रोज रात्री उतरेल अशी लावून दिली होती. अ‍ॅपमध्ये हिरवा आकडा छान दिसतो, पण खिशातून जातंय. मी सेटिंग बदलून ती फक्त लाइट गेल्यावर वापरात येईल अशी केली. जूनच्या वादळात गल्लीत सहा तास अंधार होता तेव्हा आमचे पंखे, फ्रिज, दिवे चालू. बॅटरी नसलेलं, नुसतं महावितरणच्या लाइनला जोडलेलं साधं ऑनग्रिड सोलर लाइट गेली की स्वतःही बंद पडतं, हे आमच्या शेजाऱ्याला त्याच रात्री कळलं.

हीट पंपाला मात्र माझे पुरे मार्क. तो हवेतली ऊब ओढून पाण्यात घालतो. अ‍ॅपवर विसंबलो नाही, त्याच्या लाइनवर वेगळं छोटं मीटर लावून घेतलं. २०० लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ वर न्यायला गीझर सात युनिट खातो. हा उन्हाळ्यात दोन आणि जानेवारीत पावणेतीन. त्याचा टायमर पहाटे पाचचा होता. सगळ्यात गार हवा, वर सूर्य नाही. मी दुपारी बाराचा केला. सकाळपर्यंत टाकी चार-पाच अंश उतरते, चालतं. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, म्हणून टाकी गंजू नये यासाठी आत असलेला मॅग्नेशियमचा दांडा वर्षानं काढून बघितला. निम्मा झिजला होता. बसवताना हे कुणी सांगितलं नव्हतं.

गच्चीत जागा असेल तर साधा सोलर हीटर स्वस्त पडतो. आमची गच्ची पॅनल आणि टाक्यांनी भरलेली.

ऊन कडक म्हणून मेमध्ये जास्त वीज, हा माझाही समज होता. पॅनल तापलं की उत्पादन घटतं. माझ्या वहीत मार्च आणि एप्रिल मेच्या पुढं आहेत. त्यात धूळ. मेच्या एका आठवड्यात रोजचा आकडा १२.१ वर आला, पुसल्यावर दुसऱ्या दिवशी १३.६. पण २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव हे, पाइप लावून धुवायला हात धजत नाही. दोन बादल्या, ओलं फडकं, आणि दिवस उगवायच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकायचं नसतं. बोअरचं पाणी तसंच सुकू दिलं तर पांढरे डाग धरतात, म्हणून लगेच कोरडं पुसायचं.

वायफायचं एवढंच, की नवीन राउटर घेतला आणि अ‍ॅप तीन दिवस मुकं झालं. त्या तीन दिवसांची नोंद अ‍ॅपमध्ये आजही नाही. इन्व्हर्टरच्या पडद्यावरचा एकूण आकडा शाबूत होता, वहीत तोच धरला.

हीट पंप मागच्या पडवीत आहे. चालू असताना तो गार हवा बाहेर फेकतो. मेमध्ये बारा वाजले की आई सुपात तूर पाखडायला घेऊन बरोबर त्याच्या तोंडाशी बसते. टायमर दहाचा कर म्हणून दोनदा सांगून झालंय तिचं.