पिरोटनची आठची फेरी

आमचे ३१,९५० रुपये कसे गेले त्याची ही हकीकत. लाजेपोटी चार महिने कुणाला सांगितली नव्हती. परवा त्याच माणसाचं नवं पान भाचीच्या फोनवर दिसलं, म्हणून लिहून टाकते.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आम्ही चार घरांनी डिसेंबरात जामनगरजवळच्या पिरोटन बेटावर तंबूत राहायचं ठरवलं. कच्छच्या आखातातलं बेट. प्रवाळ, तिवरं, एक दीपगृह, आणि जायचं तर बोटीनेच. इन्स्टाग्रामवर एकाचं पान सापडलं: दोन रात्री, जेवण, फेरी धरून माणशी ३,८००. फोन केला. चार वाक्यं गुजरातीत झाली, माझं आडनाव ऐकलं आणि गडी एकदम मराठीवर आला. "ताई, माझं आजोळ नवसारीचं." बडोद्यात अनोळखी माणूस मराठी बोलला की आपण तिथेच अर्धे विरघळतो. मी त्याला घरी जेवायला बोलावलं नाही एवढंच.

अकरा जणांचे निम्मे आगाऊ म्हणून २०,९०० भरले. मग वनखात्याच्या परवान्याचे म्हणून माणशी ५५०. दोन्ही वेळा पैसे वेगवेगळ्या नावांच्या खात्यांत गेले. विचारलं तर, "ते आमच्या अकाउंटंटचं." सगळ्यांच्या आधार कार्डांचे फोटो मागितले, तेही दिले. दुसऱ्या दिवशी सिंहांची राजमुद्रा असलेला परवाना पीडीएफमध्ये हजर! आमच्या ह्यांनी तो छापून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, बेटावर भिजायला नको म्हणून.

रात्रभर गाड्या हाकून शुक्रवारी पहाटे साडेसहाला बेडी बंदराशी पोचलो. लगेच मेसेज आला: तंबूमागे हजार रुपये डिपॉझिट आत्ताच भरा, नाहीतर बोटीत घेणार नाहीत. पाच तंबूंचे पाच हजार मी तिथेच उभ्या उभ्या पाठवले. मग फोन आला, "ताई, आज भरती उशिरा आहे, दोन तास थांबा." ते आमचं शेवटचं बोलणं. पुढे फोन बंद.

मुलं वळकट्यांवर बसून लीला चेवडा खात होती. नऊच्या सुमारास एका म्हाताऱ्या होडीवाल्याकाकांना जाहिरातीतला फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "आ तो ओखानी छे, बेन." ओख्याहून बेट द्वारकेला माणसं नेणारी ती रंगीबेरंगी फेरीबोट! २०२४च्या फेब्रुवारीत सुदर्शन सेतू खुला झाल्यापासून तिथे लोक गाडीने जातात. पिरोटनला रोजची फेरी वगैरे काही नाही, हे काकांनीच सांगितलं.

मग वनखात्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या माणसाने पिशवीतला परवाना बाहेरही काढला नाही. असा क्रमांक त्यांच्याकडे नसतोच म्हणाला. पिरोटन समुद्री राष्ट्रीय उद्यानात येतं. हे उद्यान १९८२चं, आणि राष्ट्रीय उद्यानात शिरायला परवाना लागतो तो १९७२च्या वन्यजीव कायद्यानेच. तो वनखातं देतं, कुणाचा अकाउंटंट नाही. एक फोन आधी त्या कचेरीत केला असता तर!

१९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेपर्यंत अकरा वाजून गेले होते. त्यांनी प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक विचारला. तो बँकेच्या मेसेजमध्ये असतो, पुसू नका. ते दोन तास त्याने का मागितले हे तेव्हा डोक्यात आलं. सकाळचे पाच हजार तोवर एका खात्यातून दुसऱ्यात गेले होते. १,८५० रुपये बँकेने अडवले, ते अजून अडकलेलेच आहेत. आधारचं वेगळंच दुखणं. बायोमेट्रिक लॉक केलं, आणि आता कुणाला द्यायचंच असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार देते.

मुलांची तोंडं बघवेनात, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच उद्यानातल्या नराऱ्याला गेलो. तिथे ओहोटीत चालत जाता येतं, तिकीट काढून, वाटाड्या घेऊन. त्याने फुगणारा मासा तळहातावर घेऊन दाखवला, परत पाण्यात सोडला. मुलांना आता सहल म्हणून तेवढंच आठवतं.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. ती माहेरची अलिबागची, भरतीची वेळ बोटांवर काढते: तिथीची पाऊणपट. तिने त्याचं वेळापत्रक मागितलं. शुक्र, शनि, रवि, तिन्ही दिवस फेरी सकाळी आठला. "अगं, भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते," ती म्हणाली. "तिथलं गणित वेगळं असेल, पण तीन दिवस एकाच वेळी? आणि ह्याला तुम्ही पैसे दिलेत?" भरतीवर निघणाऱ्या बोटीला ठरलेलं घड्याळ नसतं, हे त्या कागदावरच लिहिलेलं होतं म्हणायचं. आम्ही बडोद्याचे, आमचं पाणी म्हणजे सूरसागर तलाव. त्याला कुठली भरती!

भाचीच्या फोनवरच्या पानावर बेटाचं नाव तेवढं बदललंय. फोटो तोच आहे आणि सलग सात दिवस फेरी आठलाच आहे. मी तिच्या नंबरवरून विचारलं, "भरती कितीला असते?"

दोन मिनिटांत उत्तर आलं: "ताई, आपली फेरी भरती-ओहोटी बघत नाही."