ग्लोबल मीटिऑर नेटवर्कचा खुला डेटा: जुलैमधल्या ययाती उल्का शोधताना

ययाती (पर्सिड) उल्कावर्षाव म्हटलं की सगळे 12-13 ऑगस्ट सांगतात. मला हव्या होत्या त्याच्या सुरुवातीच्या, जुलैमधल्या उल्का. म्हणून ग्लोबल मीटिऑर नेटवर्क, म्हणजे उल्का टिपणाऱ्या जगभरच्या कॅमेऱ्यांचं जाळं, त्याची उल्कांच्या कक्षांची फाइल उतरवून घेतली. साधी टेक्स्ट फाइल, एका ओळीत एक उल्का, आणि सगळं फुकट. प्रत्येक कक्षाघटकाशेजारी (कक्षेचा आकार, कल असे आकडे) त्याची त्रुटी दिलेली असते, आणि माझ्या मते या डेटाचं खरं मोल तिथेच आहे. जिचा वेगच नीट मोजला गेलेला नाही, ती उल्का आधीच गाळता येते. वेळ सौर रेखांशातही, म्हणजे सूर्याभोवती पृथ्वी कुठे आहे त्या अंशांतही, मिळते, त्यामुळे लीप वर्षाने तारीख सरकली तरी अडत नाही. ययातीचा भर, म्हणजे सर्वात जास्त उल्कांचा काळ, 140 अंशांच्या आसपास असतो.

साउथवर्थ आणि हॉकिन्स यांचा 1963 चा डी-निकष लावला. दोन कक्षा किती वेगळ्या, हे तो 'डी' या एका आकड्यात सांगतो. दोन कक्षांमधला फरक 0.2 च्या आत, तर उल्का त्या वर्षावाची. सरासरी कक्षा ऑगस्टच्या भरातली घेतली आणि जुलै जवळजवळ कोरडा निघाला! फाइलमध्ये मात्र त्याच ओळींवर 'पीईआर' हा ययातीचा संकेत होता. दोन दिवस यातच गेले. उल्का पृथ्वीला गाठते ती आपल्या पातावर, म्हणजे तिची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीला छेदते त्या बिंदूवर. पृथ्वी रोज साधारण अंशभर पुढे जाते, तसा उल्कांचा पातही सरकतो. ययातीची कक्षा त्या पातळीशी 113 अंश कललेली. पातात 19 अंशांचा फरक पडला, की बाकी सगळं तंतोतंत जुळूनही डी 0.3 च्या घरात जातो.

आता मी भरापासून सुरुवात करून दोन-दोन अंश मागे जाते आणि प्रत्येक टप्प्याची सरासरी कक्षा नव्याने काढते. 121 अंशांवरच्या उल्काही हाती लागल्या. कालावधी ठरवताना नुसती संख्या धरू नका, ढगाळ रात्री ती पडतेच. कुठल्याच वर्षावाच्या नसलेल्या सुट्या उल्कांशी प्रमाण काढा. वर्षावाच्या रकान्यात त्यांच्यापुढे -1 असतो.

डीचं गणित मात्र आपलं आपणच करायचं, त्यासाठी थोडं प्रोग्रॅमिंग यायला हवं.

पुढे वृषभ वर्षाव घेणार आहे. तिथे कल पाचेक अंशांचा, आणि क्रांतिवृत्तालगत (आकाशातल्या सूर्याच्या वार्षिक मार्गालगत) सुट्या उल्काही दाटलेल्या. 0.2 ची चाळणी तिथे फार मोठ्या भोकांची होईल, म्हणून 0.1 पासून सुरुवात करते.