लोअर केलेल्या पोलोला स्प्रिंग कोणती घ्यावी: साडेतीन, पाच की आठ?

कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग आणि डॅम्पर, म्हणजे शॉक अॅब्सॉर्बर, यांचा संच) घेताना सगळे विचारतात, 'स्प्रिंग किती कडक?' आधी ठरवायचं असतं ते गाडी किती खाली आणायची हे. कडकपणाचा आकडा, म्हणजे स्प्रिंग एक मिमी दाबायला किती किलो लागतात ते, त्यावरून निघतो.

उदाहरणाला चाकणमध्ये बनलेली पोलो १.२ टीएसआय घेऊ. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि डॅम्पर एकाच खांबात), मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा, पिळला जाणारा आडवा बीम). पुढच्या एका स्प्रिंगवर ढोबळमानाने ३२० किलो भार धरा. मूळ सस्पेन्शनला खड्ड्यात दबायला ७०-८० मिमी जागा मिळते असं मानलं, तर गाडी ४० मिमी खाली बसवल्यावर ती जेमतेम निम्मी उरते. चाक एवढंच वर येऊ शकतं, पुढे बंप स्टॉप (सस्पेन्शन अडवणारं रबर) नाहीतर फेंडर.

आता पुढच्या तीन स्प्रिंगा शेजारी ठेवा. उरलेले ४० मिमी संपायला, स्ट्रटचा कल धरून, ३.५ किलो/मिमीच्या स्प्रिंगवर साधारण १२५ किलो जादा भार पुरतो. पाचच्या स्प्रिंगला १८० लागतो, आठच्या स्प्रिंगला २९०. म्हणजे साडेतीनवाली गाडी उभी असताना मऊ वाटते, पण एखाद्या दणक्यात तिच्यावरचा भार ४० टक्क्यांनी वाढला की सरळ रबरावर आपटते. मऊ स्प्रिंग आणि भरपूर लोअरिंग ही जोडी सगळ्यात वाईट, आणि नेमकी तीच 'कम्फर्ट किट' म्हणून खपते. साडेतीन घ्यायचीच असेल तर लोअरिंग १५-२० मिमीवर थांबवा.

आठची स्प्रिंग आपटत नाही, हे खरं. पण मूळ गाडी सेकंदाला सव्वा वेळा हलते असं धरलं, तर ही २.३-२.४ वेळा हलते. ट्रॅकवर सेमी-स्लिक (कमी खाचांचे, रेसिंगचे) टायर असतील तर ते योग्यच. पॅच मारलेल्या डांबरावर मात्र टायर रस्ता धरायचा सोडून उड्या मारतो, आणि ताम्हिणीत पावसात उडी मारणारा टायर म्हणजे कमी पकड. किटसोबत आलेला डॅम्पर मऊ स्प्रिंगसाठी बनवलेला असेल तर दणक्यानंतर गाडी डोलतच राहते. तो रिव्हॅल्व्ह करून (आतले व्हॉल्व्ह बदलून) घेण्याचा खर्च आठच्या हिशेबात आधीच धरा.

पाचची स्प्रिंग सेकंदाला १.८-१.९ वर बसते. २५-३० मिमी लोअरिंग आणि रोजचा वापर असेल तर माझं मत सरळ पाचला. आणखी एक कारण आहे, जे शोरूमच्या गप्पांत येत नाही. मॅकफर्सनमध्ये गाडी खाली गेली की खालचा आर्म उताराला लागतो आणि रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी वळणावर कलते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातं. म्हणजे बुटकी झालेली गाडी वळणावर उलट जास्त कलू शकते. मूळ कडकपणा ठेवून नुसती लोअर केली की हे जाणवतं, म्हणून मूळपेक्षा कडक स्प्रिंग हवी.

मागचा हिशेब वेगळा. मागे स्प्रिंग आणि डॅम्पर वेगवेगळ्या जागी असतात आणि स्प्रिंगचं बळ चाकापर्यंत पूर्ण पोहोचत नाही. स्प्रिंग चाकाच्या ०.८ पट हलते असं धरलं तर पाचची स्प्रिंग चाकापाशी ३.२ भरते, कारण त्या आकड्याचा वर्ग करून गुणायचं असतं. मागे तिघं आणि डिकीत गावाकडची पोती असं अडीचशे किलो चढलं, तर प्रत्येक चाकावर १२५, म्हणजे गाडी ४० मिमी बसली. रस्ता सुरू व्हायच्या आधीच जागा संपली! घरच्यांना घेऊन फिरणाऱ्यांनी म्हणून मागे लोअरिंग कमी ठेवावं. नुसती मागची स्प्रिंग कडक करत नेली तर अंडरस्टीअर (वळणावर गाडीचं नाक बाहेर सरकणं) कमी होतो खरा, पण ओल्या वळणावर अॅक्सिलरेटर सोडताच शेपूट सुटायची भीती.

स्पीड ब्रेकरची धास्ती थोडी चुकीच्या जागी आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १० सेमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. पोलोचा व्हीलबेस अडीच मीटरच्या आत, त्यामुळे तो सहसा पोटाला लागत नाही. लागतो तो सोसायटीच्या गेटसमोरचा फूटभर रुंदीचा कट्टा, आणि त्याला कोणतीही स्प्रिंग उपाय नाही.

खरेदी करताना स्प्रिंगवरचा छापील आकडा पाहा. ५ किलो/मिमी म्हणजेच सुमारे ४९ न्यूटन/मिमी किंवा २८० पाउंड/इंच. विक्रेता नुसतं 'पन्नास' म्हणाला तर एकक विचारा. प्रीलोड (बसवतानाच स्प्रिंग दाबून ठेवणं) वाढवून स्प्रिंग कडक होते असं सांगणाऱ्याकडून घेऊ नका. लिनिअर (सगळीकडे सारख्याच कडक) स्प्रिंगचा कडकपणाचा आकडा त्याने बदलत नाही.

आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालवून घेत नाही, तेव्हा विमा कंपनीला आधी विचारा आणि मूळ सस्पेन्शन भंगारात देऊ नका.