आईने भरलेला फॉर्म की तज्ज्ञांची चाचणी? बोलण्याचं उत्तर वेगळं, लक्षाचं वेगळं

सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला मी अठरा वर्षं बालवर्गाला शिकवते. जूनमध्ये शाळा सुरू झाली की दरवर्षी दोन-तीन आया मूल सोडून झाल्यावरही दारातच घुटमळतात. "बाई, हा अजून नीट बोलत नाही, कुणाला दाखवू का?" किंवा "एका जागी ठरतच नाही हो." दाखवायला गेलं की कुठे आईवडिलांनी भरायची प्रश्नावली हातात देतात, कुठे मुलालाच समोर बसवून चाचणी घेतात. प्रश्नावली मिळालेल्या घरात लगेच शंका निघते: आम्हीच भरायचं होतं, तर तज्ज्ञांकडे गेलो कशाला?

माझं मत आधीच सांगते. मूल अडीच-तीन वर्षांच्या आतलं असेल आणि प्रश्न बोलण्याचा असेल, तर आईच्या फॉर्मवर आधी भिस्त ठेवा. प्रश्न लक्षाचा असेल, तर एकट्या घरच्या फॉर्मवर कधीही निर्णय घेऊ नका.

बोलण्याचं आधी घेऊ. दोन वर्षांचं मूल अनोळखी खोलीत गेलं की आईच्या ओढणीत तोंड खुपसतं. थेरपिस्ट, म्हणजे बोलण्याच्या अडचणी तपासणारे तज्ज्ञ, गाईचं चित्र दाखवतात, मूल गप्प. चाळीस मिनिटं तसंच. जिना उतरून खाली आलं, रस्त्यावर गाय दिसली, की बोट दाखवून "हम्मा!" चाचणीच्या कागदावर तो शब्द नसतो, आईच्या कानात असतो. म्हणूनच लहान मुलांसाठी जगभर पालकांनी खुणा करायच्या शब्दांच्या याद्या वापरतात. मॅकआर्थर-बेट्स नावाची यादी त्यातली सर्वांत प्रसिद्ध. तिचा सोळा ते तीस महिन्यांसाठीचा भाग ६८० शब्दांचा आहे. मानसशास्त्रज्ञ लेस्ली रेस्कोर्ला यांची १९८९ची यादी ३१० शब्दांची. दोन वर्षांच्या मुलाचे पन्नासपेक्षा कमी शब्द असतील किंवा तो दोन शब्द जोडत नसेल, तर पुढे तपासा, ही खूण त्याच यादीतून आली.

याद्या चालतात, कारण त्या आठवायला लावत नाहीत, ओळखायला लावतात. "किती शब्द बोलतो?" असं विचारलं तर आई "दहा-पंधरा" म्हणते. यादी समोर ठेवली की "हो, हा म्हणतो, हाही म्हणतो" करत आकडा वाढत जातो.

पण मोजताना चुका होतात. माझ्याकडे आलेल्या एका आईने "गाय" पुढे फुली मारली होती, कारण पोरगा "हम्मा" म्हणायचा. एकाच वस्तूसाठी दरवेळी तोच आवाज काढत असेल तर तो शब्दच धरायचा. त्याची आजी जतकडची. घरी ती कन्नड बोलते, पाण्याला "नीरु" म्हणते, आणि पोरगाही तिच्याकडे "नीरु"च मागायचा. आईने फक्त मराठी मोजलं, ३४ शब्द भरले. आजीला शेजारी बसवून पुन्हा यादी वाचली, तर ५७ झाले, "बाबा टाटा"सारख्या जोड्याही निघाल्या. दोन भाषांच्या घरात दोन्हीकडचे शब्द एकत्र धरायचे असतात. मिरजेत उर्दू-मराठी घरांत हेच. फॉर्म एकट्याने, रात्री घाईत भरू नका. दिवसभर मूल ज्यांच्याकडे असतं त्यांना बरोबर घ्या. वाचायची अडचण असेल तर थेरपिस्टना प्रश्न वाचून दाखवायला सांगा, त्यात संकोच नको.

फॉर्म फसतो तो समजण्याच्या बाबतीत. "सगळं कळतं त्याला, फक्त बोलत नाही," हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं असेल. "चप्पल आण" म्हणताना आपण चपलांकडे बघतो, हातही करतो, आणि मूल आपली नजर वाचतं. थेरपिस्ट हात मांडीवर ठेवून, दुसरीकडे बघत तेच सांगतात तेव्हा खरं काय ते कळतं. इथे थेट चाचणीच वरचढ. तीन वर्षांनंतर वाक्यरचना आणि उच्चार पाहायचे असतात, तेव्हाही तज्ज्ञांच्या कानाला पर्याय नाही. आणि "पहिला शब्द कधी बोलला?" हे स्मरणावर सांगू नका. फोनमधले जुने व्हिडिओ काढा, त्यांवर तारीख असते.

लक्षाचं गणित उलटं आहे. इथे शांत खोलीतली चाचणीही तोकडी पडते. नवी खेळणी, समोर एकच माणूस, सगळं कौतुक आपलं, अशा वेळी चंचल मूलही अर्धा तास छान बसतं. आणि घरचा फॉर्म? एका आईने "लक्ष देऊन काम करतो" पुढे "नेहमी" लिहिलं. मी विचारलं, कधी? "मोबाईल दिला की तासभर हलत नाही." तिने खोटं लिहिलं नव्हतं. पण मोबाईल मुलाचं लक्ष स्वतःच धरून ठेवतो. आपल्याला बघायचं असतं, कंटाळवाण्या कामावर मूल आपणहून किती टिकतं: ताटातलं जेवण संपवणं, बटणं लावणं, गोष्ट शेवटपर्यंत ऐकणं.

मळ्यातल्या वस्तीवर दिवसभर अंगणात धावणारं पोर कुणाला चंचल वाटत नाही. तेच पोर फ्लॅटमध्ये असतं तर खालच्या मजल्यावरून रोज तक्रार आली असती. पहिल्या मुलाच्या आईला तुलना करायला दुसरं मूल नसतं, माझ्यासमोर तीस असतात. त्यामुळे माझं आणि घरच्यांचं जुळलं नाही तर त्यात नवल नाही. मानसशास्त्रज्ञ आखेनबाख आणि सहकाऱ्यांनी १९८७मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं. मुलाच्या वागण्याबद्दल आई आणि वडील अशा एकाच भूमिकेतल्या माणसांच्या उत्तरांतला मेळ सरासरी ०.६० होता, तर पालक, शिक्षक अशा वेगवेगळ्या भूमिकांतल्या माणसांमधला जेमतेम ०.२८. (१ म्हणजे तंतोतंत.) कुणी खोटं बोलतं म्हणून हे होत नाही, मूल दोन ठिकाणी दोन प्रकारे वागतं. एडीएचडीच्या, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराच्या, निदानासाठी लक्षणं दोन किंवा अधिक ठिकाणी दिसावी लागतात, सहा महिने टिकलेली असावी लागतात आणि काही लक्षणं बाराव्या वर्षाआधीची असावी लागतात, ते याचसाठी. त्यासाठीच्या व्हँडरबिल्ट प्रश्नावलीत म्हणूनच पालकांचा ५५ प्रश्नांचा आणि शिक्षकांचा ४३ प्रश्नांचा, असे दोन वेगळे फॉर्म आहेत. कुणी एकच फॉर्म बघून एडीएचडीचं नाव लावत असेल तर दुसरा मागून घ्या. चार वर्षांच्या आत तर हे नाव लावून घेण्याची घाईच करू नका.

एक गोष्ट दोन्ही फॉर्मच्या आधी येते: कान. काही वर्षांपूर्वी एका मुलीच्या फॉर्मवर मी "सूचना पाळत नाही", "ऐकत नाही" असं सगळं भरलं. सततच्या सर्दीने तिच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं होतं, काही दिवस ऐकू यायचं, काही दिवस कमी. मी तिला मागच्या रांगेत बसवलं होतं. तो फॉर्म मला अजून टोचतो. घरचे म्हणतात "हाक मारली की वळतो", पण मूल सावली बघूनही वळतं. कानाची तपासणी यंत्रावरच होते, तिला ना आईचा फॉर्म पुरतो ना माझा.

खर्चाची काळजी असेल तर सरकारचा २०१३पासूनचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा येतं, आणि मुलाच्या विकासातला विलंब त्यांच्या तपासण्याच्या यादीत आहे. तपासणीच्या दिवशी आईलाही बोलवा, असं अंगणवाडीसेविकेला आधीच सांगून ठेवा, कारण पथकासमोर मूल गप्पच राहणार आहे.

लक्षाचा फॉर्म हातात आला, तर आई आणि वडिलांनी वेगळ्या कागदांवर, एकमेकांना न विचारता भरा. "अनेकदा"वर खूण केलीत तर शेजारी गेल्या आठवड्यातला एक प्रसंग लिहा: कुठला वार, काय काम होतं, किती वेळ टिकला. शाळेच्या बाईंनाही तसंच लिहायला सांगा. लिहून देतात.