टोरंटोच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये झ्देनो खारासाठी

टोरंटोत यंग आणि फ्रंट या रस्त्यांच्या कोपऱ्यावर बँक ऑफ मॉन्ट्रियलची १८८५ सालची इमारत आहे. तिच्या रंगीत काचांच्या घुमटाखाली आइस हॉकीतल्या दिग्गजांचा सन्मान करणाऱ्या हॉकी हॉल ऑफ फेम या संग्रहालयाचे मुख्य दालन भरले आहे, आणि सन्मानित खेळाडूंच्या काचेवर कोरलेल्या प्रतिमा तिथेच पाहायला मिळतात. मी गेलो तो २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये या मंडळींत सामील झालेल्या स्लोव्हाक बचावपटू झ्देनो खारासाठी. (इंग्रजी समालोचक त्याला ‘चारा’ म्हणतात, स्लोव्हाक उच्चार मात्र ‘खारा’च्या जवळचा आहे.)

या संग्रहालयाचे मोल जाणायचे असेल, तर एखाद्या खेळाडूची कारकीर्द आधी नीट वाचून जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. खारा स्लोव्हाकियातल्या ट्रेन्चीनचा, वडील १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाकडून उतरलेले कुस्तीगीर. सहा फूट नऊ इंच उंचीच्या या मुलाला एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगच्या १९९६ च्या खेळाडू-निवडीत न्यूयॉर्क आयलँडर्स संघाने थेट ५६ व्या क्रमांकावर घेतले, पुढे २००१ मध्ये ओटावाला देऊन टाकले, आणि २००६ मध्ये बोस्टनला गेल्यावर तो चौदा हंगाम तिथला कर्णधार राहिला. दालनात मांडलेल्या नॉरिस करंडकावर, म्हणजे सर्वोत्तम बचावपटूच्या मानावर, त्याने २००९ साली नाव कोरले. एनएचएलच्या विजेत्याला मिळणाऱ्या स्टॅनले चषकावर २०११ च्या बोस्टन संघाची नावे आहेत, त्यांत तो कर्णधार म्हणून आहे. युरोपात जन्मून तिथेच खेळात घडलेल्या कर्णधाराने हा चषक जिंकण्याची ती दुसरीच वेळ होती.

लोकांच्या लक्षात राहिला तो त्याचा २०१२ मधला ताशी १०८.८ मैल वेगाचा फटका. मला मात्र १,६८० हा आकडा अधिक बोलका वाटतो. एनएचएलच्या साखळी फेरीत इतके सामने दुसरा कोणताही बचावपटू खेळलेला नाही, आणि प्रतिस्पर्ध्याच्या सर्वोत्तम आक्रमकांना रात्रीमागून रात्री रोखून धरणाऱ्या माणसाचे काम गोलांच्या यादीत कधीच पुरते उमटत नाही. २०१९ च्या अंतिम मालिकेत, चौथ्या सामन्यात पक, म्हणजे या खेळातली रबरी चकती, लागून त्याचा जबडा मोडला. पाचव्या सामन्यात तो चेहरा झाकणारे कवच लावून पुन्हा बर्फावर उतरला. बोस्टन ती मालिका हरले. ही हकिकत ठाऊक असलेला माणूस त्या काचेसमोर अंमळ अधिक वेळ थांबतो, मीही थांबलो.

युनियन स्थानकावरून पायी पाच-सात मिनिटांत पोहोचता येते. लहान मुले पडद्यावरच्या गोलरक्षकाला पक मारण्याच्या खेळात रमतात, तेव्हा त्यांना आधी तिकडे न्यावे आणि घुमटाखालच्या दालनासाठी निदान एक तास राखून ठेवावा. तिथे मारियान होसालाही जरूर शोधावे, कारण तोही ट्रेन्चीनमध्येच घडला आणि ओटावात खाराचा सहकारी होता.